दुसऱ्याची डिस्क

शाळेतून घरी आले तेव्हा बाबा कॉम्प्युटरसमोर मांडीवर हात ठेवून बसले होते. पडदा काळा होता.

"काय झालं?"

"काय नाय गो. सकाळपासून बघतोय. बटण दाबलं की पंखा फिरतो, मग बंद पडतो. परत फिरतो, परत बंद. वरून पुंक पुंक करतोय."

त्यांनी बटण दाबून दाखवलं. पंखा घुरघुरला, थांबला, परत घुरघुरला. मग आतून बारीक शिट्ट्या यायला लागल्या. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू शाळेत शिकवते म्हणजे मला हेही कळत असणार.

बाबा सरकारी कचेरीत टायपिस्ट होते. निवृत्त झाल्यावर देवरूखजवळच्या आमच्या गावात त्यांनी हा कॉम्प्युटर घेतला आणि वाडीतल्या, आसपासच्या वाड्यांतल्या लोकांच्या पत्रिका टाइप करायला बसले. मंगल परिणयाच्या, विहारातल्या कार्यक्रमांच्या, कुणी गेल्यावरच्या पुण्यानुमोदनाच्या. आई गेल्यावर मांडवीला माझ्याकडे राहायला आले तेव्हा सोबत कपड्यांची एक पिशवी होती आणि चादरीत गुंडाळलेला हा कॉम्प्युटर. माझा नवरा जयगडच्या बंदरात नोकरीला, तो सुट्टीलाच घरी येतो. मुलगी पुण्यात. तेव्हा घरात आम्ही दोघं, आणि पुढच्या खोलीत खिडकीखाली हे धूड.

मुलीने मागे एकदा त्यांना लॅपटॉप आणून दिला होता. बाबांनी दोन ओळी टाइप केल्या आणि मिटवून ठेवला. त्यांची बोटं जुन्या मराठी टाइपरायटरच्या मांडणीत बसलेली. तो फॉन्ट, ती मांडणी, इतक्या वर्षांच्या पत्रिकांचे नमुने, सगळं या जुन्या डब्यात. नव्यावर 'क' शोधायला ते एवढा वेळ लावत की मलाच बघवत नसे.

आणि आता गल्लीतल्या एका बाईंच्या यजमानांच्या पुण्यानुमोदनाची पत्रिका टाइप करायची होती. बाबांनी हो म्हटलं होतं.

"दुकानात न्यायच्या आधी मी उघडून बघते," मी म्हटलं. तो माझा उत्साह. इंटरनेटवर वाचलं होतं की जुन्या मशीनमध्ये धूळ साचते, मेमरीची पट्टी काढून खोडरबराने घासून परत बसवली की बऱ्याचदा चालू होतं. खोडरबर काय, माझ्या पर्समध्येच चार असतात.

मागची केबल काढून मी कॅबिनेट पडवीत नेलं. खाऱ्या हवेने स्क्रू गंजून गेले होते, फिरवताना त्यांचा भुगा बोटांना लागत होता. शेवटचा स्क्रू निघाला, बाजूचा पत्रा मागे सरकवला, आणि आतून जो वास आला त्याने मी तशीच उठून अंगणात गेले.

उंदराचा मूत, आणि त्याच्या खाली काहीतरी कुजून वाळलेलं.

नाकाला ओढणी बांधून परत आले. कॅबिनेटच्या तळाला उंदराने घरटं केलं होतं. पायपुसण्याचा काथ्या, कापूस, आणि बाबांच्याच कागदांच्या चिंध्या. एका चिंधीवर 'आपले नम्र' एवढंच वाचता येत होतं. घरट्यात पिल्लं होती, अजून केस न फुटलेली, मरून सुपारीसारखी वाळलेली. एका कोपऱ्यात झुरळांचे पंख आणि त्यांची काळी काळी विष्ठा, मोहरी सांडावी तशी. आणि हार्ड डिस्क ज्या खाचेत बसवलेली असते तिथे एक पाल अडकून मेली होती. डिस्कच्या अंगालाच चिकटली होती. चिमट्याने ओढली तर अर्धी आली.

मी अंगणात जाऊन ओकले. लाज वाटली नाही. बाबा दारात उभे होते, हातात पाण्याचा तांब्या.

"राहू दे," ते म्हणाले. "टाकून देऊ."

"तुमच्या पत्रिका?"

ते तांब्या माझ्या हातात देऊन आत गेले आणि जुना दात घासायचा ब्रश घेऊन आले.

मी ते सगळं साफ केलं. भांडी घासायचे हातमोजे घालून, जुन्या ब्रशने, स्पिरिट लावलेल्या कापसाने. डिस्क बाहेर काढून तिच्यावरची पाल खरवडली. सगळं गेलं, फक्त डिस्कच्या लेबलवर शेपटीच्या आकाराचा एक तपकिरी डाग राहिला, तो काही केल्या जाईना. घासताना मला सारखं वाटत होतं की हा वास आता माझ्या नखांत कायमचा बसणार. त्या रात्री जेवताना मी चमच्याने भात खाल्ला.

मेमरीची पट्टी खोडरबराने घासून परत बसवली. सगळं जोडलं. बाबांनी बटण दाबलं. पंखा फिरला आणि फिरत राहिला. शिट्ट्या थांबल्या. पडद्यावर इंग्रजी अक्षरं आली. बाबांनी टाळी वाजवली.

अक्षरं मात्र तिथेच थांबली. डिस्क सापडत नाही, असं काहीतरी म्हणत होती. परत बंद करून चालू केलं, तरी तेच. शेवटी मी हात टेकले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर आम्ही दोघं रिक्षाने कॅबिनेट घेऊन बाजारातल्या एका दुरुस्तीच्या दुकानात गेलो. दुकानाचं नाव लिहीत नाही. मालक चाळिशीचा असेल. तोंडात गुटखा. काउंटरखाली कोल्ड्रिंकची कापलेली बाटली ठेवलेली, तिच्यात तो थुंकत होता आणि थुंकून झालं की त्याच हाताने कीबोर्डवर काम करत होता. बाटली अर्ध्याहून जास्त भरलेली होती. मी तिच्याकडे बघायचं नाही असं ठरवलं, पण नजर पुन्हा पुन्हा तिकडेच जात होती.

त्याने पत्रा उघडून आत पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"डिस्क गेली, काका. मेली."

"तिच्यात माझं काम आहे," बाबा म्हणाले.

"मेली म्हणजे मेली. मेलेल्यातनं काय काढणार? दुसरी टाकतो. चालू होऊन तुमच्या हातात. शनिवारी या."

बाबा दुकानाच्या पायरीवर थोडा वेळ उभे राहिले. मग रिक्षात बसल्यावर म्हणाले, "नमुने परत करता येतील. डोक्यात आहेत." पण त्यांचा चेहरा उतरला होता. गल्लीतल्या बाईंची पत्रिका त्यांनी हाताने कागदावर लिहून दिली आणि छापखान्यात पाठवली.

शनिवारी नव्या डिस्कचे पैसे मोजून मशीन आणलं. घरी जोडलं. बटण दाबताच चालू झालं, आणि पडदा उजळला तो एका फोटोने. एका घराच्या अंगणात बसलेली म्हातारी, नऊवारी, कपाळ मोकळं, हातात कोकमाची सोलं, आणि कॅमेऱ्याकडे बघून तोंडावर हात धरून हसतेय.

बाबा खुर्चीत पुढे झुकले.

"ही कोण?"

मला कुठे माहीत होती! फोटोच्या कडेला कुणाकुणाच्या फायली मांडलेल्या. शिवणाचे नमुने, एका शिवणक्लासची जाहिरात, लग्नाचे फोटो. मला समजायला थोडा वेळ लागला. त्या माणसाने दुसऱ्या कुणाच्या तरी मशीनमधली डिस्क काढून आमच्यात खुपसली होती, आणि पुसायचे कष्टसुद्धा घेतले नव्हते. कुणाच्या तरी घराचं दार उघडं टाकून त्याने आम्हाला आत ढकललं होतं.

"कुणाची आहे ते बघू. परत देऊ," बाबा म्हणाले.

'आई' असं नाव दिलेलं एक फोल्डर होतं. अंगणातल्या त्या म्हातारीचे आणखी फोटो असतील, एखाद्यात घराचा, गावाचा काही पत्ता लागेल, म्हणून मी ते उघडलं.

आत फोटोच होते, पण तसले नव्हते. एका माणसाची उघडी पाठ, कमरेच्या वर खोल जखम, कडा काळ्या, आत लालपिवळं. पुढच्या फोटोत तीच जखम, मोठी झालेली. तिच्या शेजारी अंदाज यावा म्हणून एक नाणं धरलेलं. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला होतात त्या जखमा. डॉक्टरला पाठवायला कुणीतरी रोज फोटो काढत असणार. एका फोटोत चेहरा अर्धवट दिसत होता, उशीत दाबलेला. कोकम सोलणारी तीच.

मी फोल्डर बंद करायला गेले आणि घाईत पुढचाच फोटो उघडला. बाबांनी तोंड भिंतीकडे फिरवलं होतं.

"बंद कर गो. बंद कर."

मी मॉनिटरच बंद केला.

त्यानंतर मला जी किळस आली ती त्या जखमेची नव्हती. जखमेची आली होती, नाही म्हणत नाही, पण ती क्षणात गेली आणि तिच्या जागी दुसरी आली, ती अजून आहे. एका म्हातारीची उघडी पाठ एका गुटखा थुंकणाऱ्या माणसाने बोटाने उचलून आमच्या पुढच्या खोलीत आणून ठेवली होती. आमच्या जागी दुसरं कुणी असतं तर? एखाद्या कॉलेजच्या पोरांच्या खोलीवर गेली असती तर? आणि आमचं काय? बाबांच्या डिस्कवर आईच्या शेवटच्या दिवसांतले कागद होते, माझ्या घरच्या भांडणांच्या मेल होत्या. ते आता कुणाच्या खोलीत उजळलेलं असेल?

सोमवारी बाबा माझ्यासोबत आले. मी नको म्हटलं होतं.

"आमची जुनी डिस्क द्या," मी म्हटलं.

"ती फेकली, मॅडम. मेलेली ठेवून काय करू?"

"तुम्ही आमच्यात दुसऱ्याची डिस्क घातलीत. त्यांचे फोटो आहेत तिच्यात."

तो बाटलीत थुंकला. "मग पुसून टाका की. राइट क्लिक, डिलीट. त्यात काय एवढं? लोक स्वतःच सोडून जातात इथे."

"त्या शिवणक्लासवाल्या बाईने सोडली होती की तुम्ही ठेवून घेतलीत?"

"मॅडम, डिस्क ती डिस्क. चालतेय ना? मग झालं."

बाबा काउंटरच्या आत गेले. त्यांना तोवर मी कुणाच्या काउंटरच्या आत जाताना पाहिलेलं नव्हतं. बँकेतसुद्धा बोलावल्याशिवाय खुर्ची सरकवत नाहीत. ते आत गेले आणि मागे भिंतीला टेकलेली एक गोणी होती ती त्यांनी फरशीवर उपडी केली. लोखंडी पेट्यांसारख्या हार्ड डिस्क खडखडत पसरल्या. पन्नासएक तरी असतील. सगळ्या 'फेकलेल्या'.

"अहो काका! ओ काका!"

"तू ओरड," बाबा म्हणाले. "मोठ्याने ओरड. बाजारातली माणसं येऊ देत. त्यांना विचारू, यातली कुणाची कुठली."

तो ओरडला नाही. शेजारच्या मोबाइलच्या दुकानातला एकजण डोकावून गेला तेव्हा दुकानदाराने शटर थोडं खाली ओढलं. मी गुडघ्यावर बसून एकेक डिस्क उलटून पाहत होते. फरशीवर गुटख्याचे शिंतोडे होते, माझ्या सलवारला लागले. आमची सापडली. लेबलवर शेपटीचा तपकिरी डाग. आयुष्यात मी कुठल्या घाणीवर इतकी खूश झाले नव्हते.

"ही आमची."

"घ्या. नाही चालणार ती," तो म्हणाला.

घरी आल्यावर मी त्या बाईची डिस्क काढली आणि त्याच जागी, दुकानदाराने डिस्कसाठी बसवलेल्या नव्या केबलला आमची जोडली. बाबांनी बटण दाबलं. मशीन सुरू झालं. त्यांचा जुना निळा पडदा, पत्रिकांची फोल्डरं, सगळं जिथल्या तिथे. डिस्क कधी मेलीच नव्हती. डिस्कची जुनी केबल त्याने काढून कॅबिनेटच्या तळाशीच टाकली होती, ती मी उचलून पाहिली. उंदराने मधोमध कुरतडलेली होती, आतल्या तारा उघड्या पडल्या होत्या. मी साफ करताना घरट्याच्या किळसेने तिच्याकडे नीट पाहिलंच नव्हतं. दुकानदाराने मात्र नक्की पाहिलं होतं. बदलली होती ना!

बाबा हसले नाहीत. एक पत्रिका उघडली, मिटली. "भडवा," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून हा शब्द मी प्रथमच ऐकला.

शिवणक्लासच्या त्या जाहिरातीवर एक फोन नंबर होता, तो मी डिस्क काढण्याआधी उतरवून घेतला होता. संध्याकाळी फोन लावला. एका बाईने उचलला. जयगडच्या रस्त्यावरच्या एका गावातली. मी कोण, कुठून बोलते, डिस्क कशी मिळाली, सगळं सांगितलं. 

तिने विचारलं, "काय काय बघितलंत तुम्ही?"

मी खरं सांगितलं. अंगणातला फोटो बघितला. 'आई' उघडलं. तीनचार दिसले, मग बंद केलं.

"कशाला उघडलंत?"

"पत्ता मिळेल म्हणून."

"मला सांगितलेनी डिस्क जळली. मी बोलले, मग जाळूनच टाका. तर बोलले, टाकली." तिचा आवाज चढला. "माझ्या आईला माझ्या भावासमोर पदर सरकलेला चालत नव्हता. जखमेला औषध लावायला मी दाराला कडी लावायची. आणि तुम्ही बसून बघितलंत."

मी माफी मागितली. तिने फोन ठेवला. तिच्या आवाजात जी किळस होती ती माझ्याबद्दल होती आणि मला ती खोडून काढता येत नव्हती. मी त्या दुकानदारासारखी नाही, हे मी कुणाला पटवून देणार होते?

दोन दिवसांनी तिचाच फोन आला. येते म्हणाली.

आली ती दुपारच्या एसटीने, घामाघूम. पस्तिशीतली, सडपातळ, गळ्यात शिवणाची टेप तशीच राहिलेली. बाबांना वाकून नमस्कार केला, माझ्याकडे बघितलं नाही. पाणी दिलं तर प्यायली नाही.

"मला माझ्या हाताने पुसायचेत," ती म्हणाली. "नुसती डिस्क घेऊन गेले तर आत आहेत की नाहीत, कळायचं नाही मला. माझं मशीन त्यानेच मोडीत घातलं."

मी तिची डिस्क जोडून दिली. बाबा छत्री घेऊन समुद्राकडे फिरायला गेले. बाहेर टळटळीत ऊन होतं. मी स्वयंपाकघरात गेले आणि दार ओढून घेतलं. पुढच्या खोलीतून माउसचा आवाज येत होता, टक, टक, मधे थांबून परत टक. एकदा ती रडली असं वाटलं. मी बाहेर गेले नाही. मी कुकर लावला, उतरवला, उगीच ओटा पुसला.

बऱ्याच वेळाने तिने हाक मारली, "ताई."

मी गेले. पडद्यावर तिची आई होती. अंगणात नव्हे, शिवणाच्या मशीनसमोर, डोळ्यांवर मुलीचा चष्मा, सुईत दोरा ओवायचा प्रयत्न करतेय.

"ही बघा," ती म्हणाली. "ही बघितलीत तर चालेल."

मी तिच्या शेजारी स्टुलावर बसले. तिने एकेक फोटो दाखवले. आई भाताच्या खाचरात. आई एसटीच्या खिडकीत. आई नातवाला आंघोळ घालताना, दोघंही भिजलेली. ती प्रत्येक फोटोचं सांगत होती, मी ऐकत होते. पाण्याचा ग्लास तिने मधेच उचलून संपवला. हे सगळे फोटो गेले म्हणून तिने दोन वर्षं मनाची समजूत घातली होती. भावाशी या कॉम्प्युटरवरून भांडण झालं होतं, त्याला वाटत होतं तिने निष्काळजीपणाने सगळं घालवलं.

जेवायला थांबली. बाबा परतले होते, त्यांनी तिला मासळी वाढली.

"पोलिसात जाऊया," मी म्हटलं. "आपण दोघी. त्या गोणीत किती जणांचं काय काय असेल."

तिने घास खाली ठेवला. "पोलीस विचारतील, त्याच्यात काय होतं. मग मी काय दाखवू? आताच पुसलंय. नाय ताई."

"ग्राहक मंचात तरी."

"तिथंही सांगायलाच लागेल ना." तिने मान हलवली. "तुम्ही जा. माझं नाव घेऊ नका."

तिच्याशिवाय माझ्या तक्रारीत काय उरत होतं? एक चालू कॉम्प्युटर आणि एक बदललेली केबल. तरी मी ग्राहक मंचात एक अर्ज केला. अजून काही उत्तर नाही. शाळेत स्टाफरूममध्ये सांगितलं तर एक सर म्हणाले, "सगळे तसलेच हो, मॅडम. आपण महत्त्वाचं ठेवायचंच नाही त्यात." दुसऱ्या बाई हसल्या आणि म्हणाल्या, "तुम्ही पण ना, उघडून बघितलंत." मी डबा बंद केला. त्या दिवशी जेवण गेलं नाही.

ते दुकान आहे अजून. मधे एकदा औषध घ्यायला गेले होते तेव्हा पाहिलं, पाटीवर एक ओळ नवीन रंगवली आहे: 'गेलेला डेटा परत काढून मिळेल.' दुकानात एक म्हातारा आणि त्याची सून उभी होती. म्हाताऱ्याच्या हातात कापडात बांधलेलं कॅबिनेट.

मी रस्ता ओलांडून आत गेले. दुकानदार मला ओळखून हसला. मी त्या सुनेला म्हटलं, "इथे देऊ नका. घरी न्या आणि आधी केबल बदलून बघा."

ती गोंधळली. सासऱ्यांकडे बघितलं, मग दुकानदाराकडे. तो थुंकला आणि म्हणाला, "या बाईंचं डोकं ठिकाणावर नाही हो."

म्हातारा क्षणभर माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने कॅबिनेट काउंटरवर ठेवलं.